हद्दीबाहेरची गळती

पाणीपुरवठा खात्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याचा यात काही संबंध नव्हता. जमिनीखालचा पाइप कुठे फुटलाय हे तो रस्त्यावर उभा राहून नुसत्या कानाने सांगायचा, आणि हे काम जमणारा खात्यात तो एकटाच उरला होता. साधन म्हणाल तर कमरेइतकी एक पोलादी कांडी आणि तिच्यावर लाकडाची वाटी. कांडीचं टोक रस्त्याला, वाटी कानाला. सकाळी वाहनं बाहेर पडायच्या आत तो अशी कांडी टेकत टेकत गल्ल्या पालथ्या घाली. धडधाकट पाइप गप्प असतो; फुटलेला बोलतो. बोलला की कानसेन खिशातून खडू काढून तिथे फुली मारी, आणि नऊ वाजता फिटर येऊन त्या फुलीवर खणे. सव्वीस वर्षांत चार फुल्या चुकल्या होत्या. चारही तारखा त्याला पाठ होत्या, आणि त्यांतल्या एकीबद्दल त्याचं अजूनही म्हणणं होतं की फिटरने पुरेसं खोल खणलं नाही.

हा माणूस पन्नाशी ओलांडतो न ओलांडतो तोच परिपत्रक आलं. पन्नाशीपुढच्या सर्व क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी मोठ्या टाकीभोवती चार चकरा, म्हणजे दोन किलोमीटर, सोळा मिनिटांत धावून दाखवाव्यात. मध्ये थांबल्यास अनुत्तीर्ण समजण्यात येईल. अनुत्तीर्णांना कार्यालयात सामावून घेण्यात येईल.

'सामावून घेणे' या शब्दांवर कानसेनचं बोट अडलं. कुठे सामावणार तेही उघड होतं. आवक-जावक विभागात एक खुर्ची रिकामी होती. आलेल्या कागदावर एक शिक्का, जाणाऱ्या कागदावर दुसरा, आणि डोक्यावर एक पंखा, जो फिरण्यापेक्षा घरघरण्याचं काम जास्त मन लावून करी. त्या पंख्याखाली आठ वर्षं बसायचं, म्हणजे शेवटी पाइपाचं सोडा, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येणार नाही.

"मला तर नापासच व्हायचंय," फिटर म्हणाला. तो कानसेनहून दोन वर्षांनी मोठा आणि वीस किलोंनी जास्त होता. "गुडघे गेलेत माझे. बसायला खुर्ची, वर पंखा. माणसाला आणखी काय लागतं?"

"खुर्ची एकच आहे."

"मग तू पास हो की लेका. मी दुसऱ्याच चकरेत बसकण मारतो. दोघांचंही भलं."

सोळा मिनिटांत दोन किलोमीटर ही काही फार मोठी मजल नव्हे. कानसेनचे पाय ठीक होते, छाती ठीक होती. रोज तीन-चार तास पायी फिरणारा माणूस. शिवाय घरात तज्ज्ञ होती. त्याची बायको शाळेत खेळ शिकवायची, आणि तिच्या पर्समध्ये रुमाल नसला तरी शिट्टी असेच. तिने पहिल्याच सकाळी त्याला घराबाहेर काढलं, शिट्टी फुंकली आणि घड्याळ सुरू केलं.

औषधांच्या दुकानापर्यंतचं अंतर चारशे मीटर. कानसेनला चाळीस मिनिटं लागली.

"अहो, काय करत होतात तुम्ही?"

"त्या शिंप्याच्या दुकानासमोर व्हॉल्व्ह जरा कुरकुरतोय. मग कोपऱ्यावर वाटलं की खाली काहीतरी आहे. पण ते गटार निघालं."

"तुमच्या शर्टाला माती लागलीय."

"गटार आहे की पाइप, हे उभ्याने कळत नाही."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दोन पावलं धावला की तिसऱ्याला कान टवकारायचा आणि चौथ्याला पाय थांबायचे. सव्वीस वर्षांची सवय. कानाने हाक दिली की पायांनी थांबायचं, डोक्याला मध्ये विचारायची पद्धतच नव्हती. परिपत्रकात तर स्पष्ट लिहिलं होतं, थांबल्यास अनुत्तीर्ण.

यावर तोडगा काढला मुलीने. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरातल्या कुठल्याही अडचणीवर तिचा पहिला उपाय मोबाइल असे.

"बाबा, कानात गाणी घालून धावा. सगळं जग तसंच धावतं."

"अजिबात नाही," बायको म्हणाली. "धावताना गाणी ऐकायची नसतात. श्वास ऐकायचा, पाय ऐकायचे, मागून येणारी सायकल ऐकायची."

"आई, बाबांना ऐकू येतं हाच तर प्रॉब्लेम आहे. तू त्यांना आणखी काय काय ऐकायला सांगतेस?"

"माझ्या मुली धावतात ना शाळेत? एकीच्याही कानात काही नसतं."

"त्यांच्या कानात तुझी शिट्टी असते."

कानसेन दोघींच्या मध्ये बसून चहा पीत होता. कानात काही घालायचं ही कल्पनाच त्याला स्वयंपाक्याने जिभेला चिमटा लावण्यासारखी वाटत होती. पण आवक-जावकचा पंखा डोळ्यांसमोर घरघरायला लागला, आणि त्याने कप खाली ठेवला.

"कोणती गाणी?" त्याने विचारलं.

गाणी त्याचीच निघाली. कपाटाच्या वरच्या कप्प्यात बुटांच्या खोक्यात कॅसेटी होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, खोलीत कुणी शिंकणार नाही याची काळजी घेत त्याने त्या भरल्या होत्या. मुलीने कुठूनतरी यंत्र पैदा केलं आणि त्यांतली एक कॅसेट जशीच्या तशी मोबाइलमध्ये उतरवून दिली. बायकोने एकच अट घातली: मोठ्या रस्त्यावर जायचं नाही, आतल्या गल्ल्यांतूनच तिने आखलेली वाट धरायची.

आणि कानसेन धावला. शिंप्याचं दुकान गेलं, औषधांचं दुकान गेलं, कोपऱ्यावरचं गटार गेलं, पाय थांबले नाहीत. कानांना गाण्यात गुंतवून ठेवलं होतं आणि पाय त्यांची नजर चुकवून पळत होते. दोन आठवडे रोज थोडं थोडं अंतर वाढवत तो अखेर अख्खी वाट पंचवीस मिनिटांत, न थांबता, धापा न टाकता पुरी करायला लागला. बायकोने तोंडाने कबूल केलं नाही, पण शिट्टी परत पर्समध्ये ठेवली. घरात सकाळ प्रसन्न झाली. फिटरलाही आनंद झाला. खुर्ची आता त्याचीच होती.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी, छापखान्याच्या चौकात, त्याला गळती ऐकू आली.

बारीक, एकसारखी, न तुटणारी श्शूऽऽ. कुठेही गचका नाही, खरखर नाही. अशी स्वच्छ गळती सव्वीस वर्षांत त्याने दोनदाच ऐकली होती. कानांत इयरफोन असतानाही ऐकू येते म्हणजे केवढी मोठी असेल, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला. पण तो थांबला नाही. आता तो थांबणारा माणूस राहिला नव्हता. धावत राहिला, आणि नवल म्हणजे आवाजही त्याच्याबरोबर घराच्या दारापर्यंत आला. मंगळवारी त्याच चौकात पुन्हा तीच श्शूऽऽ, आणि पुन्हा दारापर्यंत. आता शंकेला जागा नव्हती. चौकापासून घरापर्यंतची सगळी लाइन सडली होती. बुधवारी त्याने धावता धावता वाकून खडूच्या दोन फुल्या मारल्या. कांडी लावली नाही. बायको जेवायला बोलावते तेव्हा आपण तिला कांडी लावतो का?

नऊ वाजता फिटरने पहिली फुली खणली. कोरडी ठणठणीत माती. दुसरी खणली. तिथली माती पहिलीपेक्षा कोरडी.

"आणखी खोल," कानसेन म्हणाला.

"माझं डोकं रस्त्याच्या खाली गेलंय. आणखी खोल गेलो तर मला शोधायला तुला कांडी लागेल."

छापखान्याचा टेम्पो आत अडकला, शाळेची बस बाहेर अडकली, आणि दोन खड्ड्यांच्या मधोमध एक गाडी अडकली, तिच्यात खात्याचे साहेब होते. साहेबांनी काच खाली केली, खड्डा बघितला, कानसेनकडे बघितलं, आणि काच वर केली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी कानसेन जेवला नाही. आपला कान गेला, असंच त्याला वाटत होतं. आणि कान गेला असेल तर चार चकरा धावून तरी काय वाचवायचं होतं? संध्याकाळी तो सोफ्यावर बसून राहिला आणि मनाला विरंगुळा म्हणून त्याने कानात इयरफोन घातले. अर्धा तासही झाला नसेल, तो ताडकन उठून उभा राहिला.

"इथेही आहे!"

"काय?"

"गळती! सोफ्याखाली!"

मुलीने शांतपणे त्याच्या एका कानातला इयरफोन काढला, स्वतःच्या कानात घातला आणि ऐकलं. मग ती जमिनीवर बसली आणि बराच वेळ हसत राहिली. हसणं ओसरल्यावर तिने समजावून सांगितलं. पहिल्या बाजूला गाणी बावीस मिनिटांचीच होती. पुढची आठ मिनिटं कॅसेट नुसतीच फिरत राहिली होती, आणि तिने तीही उतरवून घेतली होती. बावीस मिनिटांनी बाबा रोज छापखान्याच्या चौकात.

"रोज? बरोब्बर त्याच चौकात?" बायकोने विचारलं.

"तीनही दिवस."

"म्हणजे तुमचा वेग अगदी एकसारखा पडतोय." तिला मनापासून बरं वाटलं. "हे मात्र छान झालं."

"मी दोन खड्डे खणवले," कानसेन म्हणाला. "कॅसेटच्या खरखरीवर."

बायकोने हात पुढे केला. "बघू."

तिने दोन्ही इयरफोन घातले, डोळे मिटले. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर आधी कुतूहल आलं, मग ओळख पटल्यासारखं झालं, आणि मग चांगलाच जुना राग आला.

"ही खरखर नाहीये," ती म्हणाली. "हा आपल्या पहिल्या खोलीतला नळ आहे."

रेडिओ बंद केला होता. टेपरेकॉर्डर बंद करायचा राहिला होता. त्याने खोली टिपून ठेवली होती, आणि खोलीत मोरीचा नळ होता. तिघांनी मोबाइलचा आवाज मोठा करून, डोकी एकत्र आणून ऐकलं. श्शूऽऽ. मग एका भांड्याचा आवाज. मग एक तरुण बाई म्हणाली, "अहो, बंद केलंत का ते?" आणि एक तरुण पुरुष ठामपणे म्हणाला, "केव्हाच." त्यानंतरही चार मिनिटं ते चालूच होतं. एवढं ऐकू येईपर्यंत कानसेन रोज घरी पोचून इयरफोन काढून ठेवत असे.

"वॉशर बदला, वॉशर बदला, म्हणून वर्षभर कंठशोष केला मी," बायको म्हणाली. "जगाच्या गळत्या शोधत फिरायचे. आणि घरात?"

"घरात मला ऐकू येत नव्हती."

"तीन दिवस ऐकू आली ना आता? चोवीस वर्षांनी का होईना."

कानसेनला भूक लागली. दोन वेळचं एकदम जेवून तो खात्याला स्पष्टीकरण लिहायला बसला. त्याला खोटं लिहिता येत नसे, आणि खरं त्याने असं लिहिलं: 'सदर ठिकाणी मी सलग तीन दिवस गळतीचा आवाज ऐकला. गळती होती. तथापि ती चोवीस वर्षांपूर्वीची असून आपल्या हद्दीबाहेरची होती. वेळीच दुरुस्ती न केल्याबद्दल मला घरून समज देण्यात आलेली आहे.'

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. त्यांची खोली मोठ्या टाकीच्या आवारातच होती आणि खिडकीतून त्यांची हिरवळ दिसायची. भर उन्हाळ्यात बाकी आवार करपलेलं असताना ही हिरवळ पोपटासारखी असे. येणाऱ्या प्रत्येकाला साहेब ती दाखवत, आणि आपण तिला पाणी जवळजवळ घालतच नाही हेही सांगत. सगळी मेहनत जमिनीची.

"याचं मी काय करू?" त्यांनी कागद हलवला.

"आवक-जावकला द्या, साहेब. शिक्का मारतील."

साहेबांनी दुसरंच केलं. जुन्या परिपत्रकाला पुरवणी निघाली: धावताना कानात कोणतेही उपकरण अथवा अन्य वस्तू नसावी. 'अन्य वस्तू' हे शब्द वाचून मुलीने हातातला कापसाचा बोळा खाली ठेवला.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. कानसेन रिकाम्या कानांनी धावायला निघे आणि शिंप्याच्या दुकानाशी थांबे. कान शाबूत असल्याचा आनंद होता. तोच कान आता घात करणार हेही स्वच्छ दिसत होतं.

"थांबायचं नाही, एवढंच," बायको म्हणाली. "ऐका खुशाल. पण पायांना सांगू नका."

"तुला सोपं आहे."

"मला अवघड आहे. घड्याळ माझ्या हातात असणार आहे."

ते खरं होतं. खात्यात भिंतीवर घड्याळं पुष्कळ होती, पण दोन घड्याळांचं एकमत होत नव्हतं. म्हणून साहेबांनी शाळेला पत्र पाठवून खेळाच्या बाई मागवल्या होत्या. त्या कुणाच्या कोण, हे कुणी विचारलं नाही, आणि बाईंनी सांगितलं नाही.

"मी थांबलो तर?" कानसेनने विचारलं.

"बाद करीन. शाळेत सख्ख्या भाचीला बाद केलंय मी."

परीक्षेच्या सकाळी सात वाजता टाकीच्या आवारात अकरा माणसं जमली, बहुतेकांच्या पायांत मुलांचे बूट. साहेबांना भाषण करायचं होतं आणि पंपाच्या धडधडीत ते ऐकू येईना, म्हणून पंप बंद करण्यात आला. आवारातला पंप गेल्या कित्येक वर्षांत दिवसा बंद झाला नव्हता. भाषणात आरोग्य होतं, शिस्त होती आणि ओघात हिरवळही होती. मग शिट्टी वाजली.

कानसेन निघाला. मागे फिटर धापा टाकत होता. दुसऱ्या चकरेत बसायचं म्हणून त्याने ताकद राखलीच नव्हती. पहिल्या वळणावर काही नाही. दुसऱ्या वळणावर काही नाही. तिसरं वळण हिरवळीच्या कडेने जात होतं, आणि तिथे बुटांचा आवाज बदलला. इतका वेळ टप टप वाजत होता, तो सात-आठ पावलं धप धप वाजला आणि परत टप टप झाला. आणि त्या धपधपीच्या तळाशी काहीतरी बारीक होतं.

पाय अडखळले. समोर शंभर पावलांवर बायको उभी होती, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात शिट्टी, चेहऱ्यावर भाचीला दाखवलेला चेहरा. थांबलो तर संपलं. पण न थांबता पुढे गेलो तर आवाज मागे राहतो. आणि मग कानसेनच्या ध्यानात आलं की टाकी गोल आहे. पुढे गेलं की तीच जागा पुन्हा समोर येते. जितक्या लवकर पुढे जाऊ, तितक्या लवकर.

दुसरी चक्कर त्याने जोरात मारली. हिरवळीशी येताच श्वास रोखला, पण मागून फिटरचा भाता ऐन त्याच वेळी असा फुसफुसला की सगळं वाहून गेलं. या माणसापासून लांब जायला हवं होतं. दुसरी चक्कर संपायच्या आतच कानसेन सुटला. त्याला असं सुटलेलं बघून फिटर बसायचं विसरला. एवढ्या वर्षांत हा गडी असा धावला होता तो फक्त मोठी लाइन फुटली तेव्हाच. "कुठंय? अरे, कुठंय?" असं ओरडत तोही मागोमाग पळाला. पुढच्या चकरेत तिसऱ्या वळणावर कानसेन एकटाच पोचला. श्वास रोखला. दहा पावलं. श्शूऽऽ. डाव्या हाताला, फूटभर हिरवळीच्या आत, जमिनीखाली चारेक हात. भोक बारीक, जुनं, बरीच वर्षं निवांत बोलत असलेलं.

चौथी चक्कर फक्त खात्रीसाठी होती.

शेवटच्या रेषेवरून तो गेला तेव्हा बायकोने घड्याळ दाबलं. तेरा मिनिटं बावन्न सेकंद. पण तो रेषेवर थांबलाच नाही. तसाच तिसऱ्या वळणापर्यंत धावत गेला, गुडघ्यांवर बसला, मग हिरवळीवर आडवा झाला आणि त्याने कान जमिनीला लावला. दीड-दोन मिनिटांत फिटर येऊन शेजारी कोसळला.

"पंधरा मिनिटं पंचवीस," बाईंनी तिकडून पुकारलं. "दोघंही पास."

"घात झाला," फिटर गवतात तोंड खुपसून म्हणाला. "गेली माझी खुर्ची. तुझ्यामुळे गेली, कानसेना."

साहेब लगबगीने आले. माणूस पडलेला बघून ते आधी घाबरले, आणि मग कुठे पडलाय ते बघून जास्त घाबरले.

"अहो, पास झालात तुम्ही! उठा! हिरवळीवर काय लोळताय?"

कानसेनने डोळे मिटलेलेच ठेवले. मोकळ्या हाताने त्याने खिशातून खडू काढला, पण गवतावर फुली उमटेना; तेव्हा त्याने खडूच जमिनीत रोवला. मग एक बोट ओठांवर ठेवलं.

"श्शूऽऽ," तो म्हणाला.

हा आपल्याला गप्प करतोय की खालचा आवाज काढून दाखवतोय, हे साहेबांना कळेना. पण फिटरला बरोबर कळलं. तो कण्हत उठला आणि कुदळ आणायला गेला.